आजींचं गरम पाणी तसंच ठेवून: कोकणातल्या वृद्धसेवेचा कार्बन कसा कमी करायचा

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहान वृद्धाश्रमाचं कोठार आणि हिशेब मी सांभाळते. आश्रमाबरोबरच आसपासच्या वाड्यांवर अंथरुणाला खिळलेल्या माणसांची सेवा आमच्या मावशी घरी जाऊन करतात. मुलं मुंबई-पुण्याला, गावात म्हातारा-म्हातारी, हे चित्र कोकणाला नवं नाही. त्यामुळे अशा सेवा दरवर्षी वाढणार आहेत, त्यांचा वीज, गॅस, पेट्रोलचा खर्चही, आणि त्यातून हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइडही. त्यालाच या लेखात थोडक्यात कार्बन म्हटलं आहे. हा लेख वृद्धाश्रम, विरंगुळा केंद्र, घरपोच शुश्रूषा किंवा दिव्यांग आणि दीर्घ मानसिक आजार असलेल्या प्रौढांची निवासी केंद्रं चालवणाऱ्यांसाठी आहे. घरातच आजी-आजोबांना सांभाळणाऱ्यांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत तो क्रम महत्त्वाचा आहे. पुष्कळ ठिकाणी देणगीदार मिळाला की आधी छपरावर सोलर बसतं, आणि खाली जुने पंखे, गळणारा एसी आणि उघड्यावर कुजणारा कचरा तसाच राहतो.

सुरुवात करण्याआधी: कशाला हात लावायचा नाही

एक कागद घ्या आणि डॉक्टर किंवा सिस्टरना बरोबर बसवून यादी करा. आमच्या यादीत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं यंत्र), पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून वापरायची हवेची गादी, संडासाच्या वाटेवरचा रात्रीचा दिवा, उकाड्यातला पंखा, आंघोळीचं गरम पाणी, आणि ताटातली डाळ, अंडं, मासळी आहे. या गोष्टी कमी करून वाचवलेला कार्बन आपल्याला नको. रात्री दिवा मालवला म्हणून आजोबा पडले आणि खुब्याचं हाड मोडलं, तर रुग्णवाहिका, शस्त्रक्रिया आणि महिनाभराचं अंथरूण. माणसाचे हाल तर होतातच, हिशेबही उलटा होतो.

ही यादी भिंतीवर लावा. पुढचं सगळं या यादीच्या बाहेर शोधायचं आहे, किंवा यादीतलीच गोष्ट कमी इंधनात कशी देता येईल ते पाहायचं आहे.

पायरी १: वर्षभराची बिलं काढा

कार्बनचा हिशेब म्हटलं की लोक बिचकतात. लहान संस्थेला त्यासाठी सल्लागार लागत नाही, एक वही पुरते. मागच्या १२ महिन्यांची महावितरणची बिलं, गॅस टाक्यांच्या पावत्या आणि पेट्रोल-डिझेलच्या नोंदी गोळा करा. मग हे चार आकडे वापरा:

- विजेचं १ युनिट: सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड
- एलपीजी १ किलो: सुमारे ३ किलो. म्हणजे घरगुती १४.२ किलोची टाकी साधारण ४२ किलो, व्यावसायिक १९ किलोची टाकी साधारण ५७ किलो
- पेट्रोल १ लिटर: सुमारे २.३ किलो
- डिझेल १ लिटर: सुमारे २.७ किलो

उदाहरण म्हणून २० माणसांचं घर धरू. महिन्याला ९०० युनिट वीज म्हणजे ६३० किलो. १९ किलोच्या चार टाक्या म्हणजे २२८ किलो. मावशींच्या आणि डॉक्टरांच्या फेऱ्यांना ६० लिटर पेट्रोल म्हणजे १३८ किलो. जनरेटरला १० लिटर डिझेल, २७ किलो. एकूण १,०२३ किलो. माणशी दिवसाला साधारण १.७ किलो.

माणशी दिवसाचा आकडा काढणं फार महत्त्वाचं आहे. आश्रमात माणसं येतात-जातात, नुसत्या एकूण आकड्यावरून काही कळत नाही. आणि एप्रिल-मे, जून ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते मार्च असे तीन भाग वेगळे पाडा. कोकणात या तीन काळांत घर तीन प्रकारे चालतं. उन्हाळ्यात पंखे, पावसाळ्यात पाणी तापवणं आणि कपडे वाळवणं, हिवाळ्यात त्यातलं थोडं थोडं. वार्षिक सरासरीत हे सगळं लपून जातं.

वहीत आणखी दोन रकाने ठेवा, ज्यांची बिलं येत नाहीत: रोजचा ओला कचरा किती बादल्या, आणि एसी किंवा फ्रीजमध्ये गॅस कधी भरला. दुसऱ्या रकान्याकडे कोणी पाहत नाही. त्याबद्दल पुढे सांगते.

पायरी २: पंखे, छप्पर आणि सावली

सगळ्यांत लवकर परतफेड देणारं काम म्हणजे पंखे बदलणं. जुना छताचा पंखा ७५ वॉटच्या आसपास खातो, बीएलडीसी मोटरचा पंखा ३० वॉटच्या आसपास. वृद्धांच्या घरात पंखा दिवसाचे १४ तास सहज फिरतो. १२ पंखे धरले तर रोजची बचत साडेसात युनिट, महिन्याला सुमारे २२७ युनिट, म्हणजे १५९ किलो कार्बन. हवा तेवढीच, आवाज कमी. शिवाय रिमोट येतो. अंथरुणावरच्या माणसाला पंखा कमी-जास्त करायला मावशीला हाक मारावी लागत नाही. आमच्याकडे या रिमोटचंच अप्रूप जास्त झालं. खोल्यांचे नंबर रिमोटवर रंगाने लिहून ठेवा, नाहीतर दोन दिवसांत सगळी सरमिसळ होते. सगळे एकदम बदलणं परवडत नसेल तर जिथे पंखा रात्रंदिवस चालतो त्या खोल्या आधी घ्या.

मग छप्पर. जांभ्याच्या भिंती आणि मंगळुरी कौलं असलेलं जुनं घर तुमच्याकडे असेल तर ते पाडून स्लॅब टाकण्याचा मोह आवरा. कौलांतून गरम हवा वर निघून जाते, जांभा सावकाश तापतो. कौलं परतायला दरवर्षी मजुरी लागते हे मान्य, पण स्लॅबखाली रात्री ११ वाजताही भिंतींतून धग येते आणि दमट उकाड्यात म्हाताऱ्या शरीराला ती सोसत नाही. स्लॅब आधीच असेल तर त्यावर पांढरा उष्णता परावर्तित करणारा रंग द्या. पावसाळ्याआधी गळती बंद करायचं काम करतोच, त्यातच हा रंग बसतो.

आणि मांडव. दिवाळीच्या सुमाराला खळ्यात, म्हणजे अंगणात, मांडव घालायची आपली रीत आहे: पोफळीचे खांब, वर नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप, पावसाळ्याआधी काढून ठेवायचा. अनेक ठिकाणी आता त्याऐवजी निळे-हिरवे पत्रे कायमचे ठोकलेले दिसतात. पत्र्याखाली दुपारी बसवत नाही, म्हणून माणसं आत जातात, म्हणून आतले पंखे वाढतात. झापांचा मांडव परत घाला. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीवर सावली पडली पाहिजे. आजी-आजोबा दुपारी मांडवाखाली बसले की आतल्या खोल्यांचे पंखे चार तास आपोआप बंद राहतात, आणि माणसं चार शब्द बोलतात.

दिवे एलईडी करणं एव्हाना बहुतेकांनी केलं असेल. राहिलं असेल तर करून टाका.

एसीचा विषय मात्र नीट समजून घ्या. आजारी माणसाच्या खोलीत एखादा एसी असतो. त्याच्या विजेपेक्षाही गॅसगळती मोठी गोष्ट आहे. जुन्या एसीतला आर-२२ वायू हवेत गेला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट तापवतो, आर-४१० ए सुमारे २,००० पट, आर-३२ सुमारे ६७५ पट. एक किलो आर-२२ गळला म्हणजे वरच्या उदाहरणातल्या घराचा जवळपास पावणेदोन महिन्यांचा सगळा कार्बन एका झटक्यात गेला. समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या हवेत बाहेरच्या युनिटची कॉइल झिजते, बारीक छिद्रं पडतात, म्हणून किनाऱ्यावर ही गळती जास्त. आमच्या आजारी-खोलीतल्या एसीत दोन उन्हाळ्यांत तीनदा गॅस भरला गेला, आणि गळती कुठे आहे हे एकदाही शोधलं गेलं नाही. मीही विचारलं नाही. आता नियम असा आहे:

- गळती शोधून दुरुस्त केल्याशिवाय गॅस भरू द्यायचा नाही.
- बाहेरचं युनिट समुद्राच्या वाऱ्याच्या आडोशाला बसवायचं आणि महिन्यातून एकदा साध्या पाण्याने धुवायचं.
- नवा घ्यायचाच तर आर-२९० किंवा आर-३२ वायूचा, आणि कॉइलवर गंजरोधक लेप असलेला.
- एसी २६-२७ अंशांवर, सोबत पंखा मंद.

पायरी ३: गरम पाणी

कोकणात कडाक्याची थंडी नसली तरी म्हाताऱ्या माणसाला बारा महिने कोमट पाणी लागतं. थोडं गणित करू, कारण या गणिताने आमची मोठी चूक वाचली. २० लिटरची एक बादली, विहिरीचं पाणी २७ अंश, आंघोळीला हवं ४० अंश. एवढं तापवायला ०.३ युनिट लागतं. २० माणसांना रोज ६ युनिट, महिन्याला १८०, म्हणजे १२६ किलो कार्बन. प्रत्यक्षात गीझर दिवसभर चालू ठेवला की टाकीतली उष्णता वाया जाते, म्हणून आकडा याहून वाढतो.

आता सौर बंबाचं पाहा. त्यातून ६० अंशांचं पाणी मिळालं, तर २० लिटर कोमट पाण्यात त्यातलं फक्त ८ लिटर लागतं, बाकी गार. म्हणजे २० माणसांना १६० लिटर. २०० लिटरचा एक सौर बंब पुरतो. आम्हाला आधी ५०० लिटरचा सांगितला होता.

बसवताना किनाऱ्यावर घ्यायची काळजी:

सांगाडा साध्या लोखंडाचा नको. ॲल्युमिनियम किंवा चांगलं गॅल्व्हनाइज्ड, आणि नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. खाडीकाठच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होत असेल तर ते विक्रेत्याला आधी सांगा, टाकीचं आतलं अस्तर त्याप्रमाणे निवडावं लागतं. तोंड दक्षिणेला. माडाखाली अजिबात नको, एक नारळ पडला की नळ्या फुटल्या. वादळी वाऱ्यासाठी चारी बाजूंनी तारेने बांधून घ्या. आणि टाकी न्हाणीघराच्या जितकी जवळ तितकी बरी. लांब पाइप असला की गरम पाणी येईपर्यंत अर्धी बादली गार पाणी वाहून जातं. पाइपवर फोमचं आवरण चढवा, ते स्वस्त आहे.

वेळेचं काय? सौर बंबाचं पाणी दुपारी सगळ्यांत गरम असतं, आणि आपल्याकडे आंघोळ सकाळी. ज्यांची पूजा-जप आहे त्यांना सकाळीच आंघोळ हवी, त्यात बदल करू नका. पण ज्यांचं अंग अंथरुणावरच पुसून घ्यायचं असतं त्यांना दुपारी साडेअकरा-बाराला पुसलं तर अंगात हुडहुडी भरत नाही. मावशींची सकाळची धांदलही कमी होते. प्रत्येकाला विचारून ठरवा. आमच्याकडे निम्मी माणसं स्वतःहून दुपारकडे वळली.

बादली भरताना आधी गार पाणी, मग गरम. वृद्धांची कातडी पातळ असते, मधुमेहींना चटका कळत नाही, आणि सौर बंबाचं पाणी उन्हाळ्यात ७० अंशांच्या वर जाऊ शकतं. हा नियम न्हाणीघराच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहा.

जून ते सप्टेंबरचं कोडं उरतं. ढगांत सौर बंब पाणी कोमटच करतो. त्या काळात आपला तांब्याचा बंब किंवा पाणचूल आहे, आणि सोडणं (नारळाची वाळलेली सालं), करवंट्या, चुडतं (वाळलेल्या झावळ्या) वाडीत मुबलक आहेत. वाडीतच उगवलेलं आणि गळून पडलेलं हे जळण जाळल्याने एलपीजीसारखा जमिनीखालचा कार्बन वर येत नाही. पण धूर हा खरा धोका आहे. दमेकरी किंवा फुप्फुसांचा आजार असलेली माणसं असतील तर बंब मागच्या परसात, धुरांडं छपराच्या वर, आणि वाऱ्याची दिशा पाहून. जळण पावसाळ्याआधी पडवीत कोरडं साठवा, ओल्या सोडणांचा धूर दुप्पट होतो. प्लास्टिकचा एक तुकडाही बंबात जाता कामा नये. हे सगळं सांभाळणारं माणूस नसेल तर पावसाळ्यात गीझर वापरा. टायमर लावून पहाटे दीड तास, एवढंच.

पायरी ४: स्वयंपाकघर आणि ओला कचरा एकत्र पाहा

गॅस सोडून इंडक्शनवर जा असा सल्ला हल्ली सगळीकडे मिळतो. आपल्याकडे आज तो सरसकट बरोबर नाही. आपली बरीच वीज अजून कोळशावर तयार होते, त्यामुळे ग्रिडच्या, म्हणजे महावितरणकडून येणाऱ्या, विजेवर इंडक्शनने शिजवलेल्या भाताचा कार्बन एलपीजीवरच्या भातापेक्षा जास्त निघतो, जवळपास दुपटीपर्यंत. स्वतःच्या छपरावर सौर वीज असेल तर दुपारचा स्वयंपाक इंडक्शनवर जरूर करा. नसेल तर गॅसच नीट वापरा.

नीट म्हणजे: कुळीथ, चवळी, वाटाणे रात्रभर भिजत. डाळ-भात कुकरमध्येच, एकावर एक डबे लावून. पहिली शिट्टी झाली की आच मंद. पेजेसाठी एक जुनी युक्ती आहे: उकड्या तांदळाची पेज २० मिनिटं उकळली की टोप झाकून गोधडीत गुंडाळून टोपलीत ठेवायचा. तासा-दीड तासाने तांदूळ मऊ शिजलेला असतो. पहाटे हे केलं की न्याहारीला पेज तयार, आणि शेगडी मोकळी. आमच्या एका काकूंनी हे शिकवलं; त्यांच्या लहानपणी लाकडं वाचवायला घरोघर करत असत म्हणे.

ताटाबद्दल थोडंच सांगते. म्हातारपणी प्रथिनं कमी पडली की स्नायू झिजतात, म्हणून ताट हलकं करायच्या नादात पोषण हलकं करू नका. भाताच्या खाचरात पाणी साचून मिथेन निघतो, त्या मानाने वरकस जमिनीवरची नाचणी आणि कुळीथ कितीतरी बरे. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. आठवड्यात तीन दिवस नाचणीचं आंबील आणि दोन दिवस कुळथाची पिठी, दात नसलेल्यांनाही चालतात. बांगडा-तारली जवळच्या बंदरावरची. शेवगा, अळू, केळफूल, सुरण परसातले. घाटावरून येणाऱ्या भाजीच्या टेम्पोवर अवलंबून राहणं जेवढं कमी होईल तेवढं बरं.

उरलेलं अन्न मोजा. एक आठवडा ताटांतलं उष्टं आणि टोपातलं शिल्लक वेगवेगळ्या बादल्यांत टाका. टोपात जास्त उरत असेल तर स्वयंपाक जास्त होतो आहे. ताटात जास्त उरत असेल तर कारण वेगळं असतं: कवळी टोचते, तिखट सोसत नाही, हात थरथरतो, किंवा मन लागत नाही. या आठवड्यात आम्हाला तीन माणसांच्या दातांच्या तक्रारी कळल्या, ज्या त्यांनी सांगितल्याच नव्हत्या.

हा ओला कचरा खड्ड्यात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत दाबून टाकला की हवेविना कुजतो आणि मिथेन सोडतो. १०० वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. दोन वाटा आहेत. शेजारी गुरं असतील तर गोबरगॅस: २ घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरांचं, लागतं. त्यातून रोज ०.९ किलो एलपीजीइतका गॅस, महिन्याला १९ किलोच्या जवळपास दीड टाकीएवढा. त्यातच खरकटं थोडं थोडं घालता येतं. लिंबं, कोकमाची सालं, कांद्याची टरफलं मात्र नकोत. जोड्यांना साबणाचं पाणी लावून गळती तपासत राहा, कारण गळणारं संयंत्र म्हणजे थेट मिथेन. गुरं नसतील तर माडाच्या आळ्यात साधं खत: एक थर ओला कचरा, एक थर सुका पाचोळा, वर झावळी. पावसाळ्यात वर पत्रा धरावा, खड्ड्यात पाणी साचू देऊ नये.

पायरी ५: वाडीवाडीच्या फेऱ्या

घरपोच सेवेत सगळ्यांत जास्त इंधन रस्त्यावर जातं. कोकणात दोन वाड्या समोरासमोर दिसतात आणि मध्ये खाडी किंवा घाटी असल्याने रस्ता १५ किलोमीटरचा पडतो.

भिंतीवर तालुक्याचा नकाशा लावा आणि प्रत्येक रुग्णाच्या घरावर टाचणी. प्रत्येक मावशीच्या फेरीला वेगळ्या रंगाचा दोरा. दोरे एकमेकांना कापताना दिसले की तिथे इंधन वाया जातं आहे हे डोळ्यांनीच कळतं. मग शक्यतो त्याच वाडीतली किंवा पलीकडच्या वाडीतली बाई शिकवून तयार करा. पायी जाणारी मावशी हे सगळ्यांत कमी कार्बनचं आरोग्यवाहन आहे, आणि वादळात रस्ता बंद झाला तरी ती पोचते. दिवसाला ४० किलोमीटर वाचले, महिन्याचे २५ दिवस धरले, तर १,००० किलोमीटर. स्कूटरचं २२ लिटर पेट्रोल, ५१ किलो कार्बन.

रक्ताचे नमुने, बीपी-शुगर तपासणी आणि औषधवाटप एकाच दिवशी एका बाजूच्या वाड्यांचं करा. मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याभराच्या एकदम द्या, पावसाळ्याआधी दोन महिन्यांच्या. नुसती गोळी चालू ठेवायची का हे विचारायला माणसाला ४० किलोमीटर रिक्षातून नेऊ नका. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टरांशी बोलता येतं, मावशी शेजारी बसून कागद दाखवते. पण नवं दुखणं, छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, पडणं यात फोनवर वेळ घालवायचा नाही, थेट रुग्णालय.

तपासणीला जाणाऱ्या चालत्याफिरत्या माणसांसाठी एसटी आहे. ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट. सोबत मावशी दिली की चार जण एका फेरीत होतात. दापोली-गुहागर अशा दोन बाजूंना काम असेल तर दाभोळ-धोपावे फेरीबोटीने, जयगड खाडीवर जयगड-तवसाळ फेरीबोटीने मोठा वळसा वाचतो. नवी स्कूटर घ्यायची असेल तर विजेची घ्या. ग्रिडच्या विजेवरही किलोमीटरमागे तिचा कार्बन पेट्रोलच्या निम्म्याहून कमी पडतो. चढाची वाट आणि मागे बसलेलं माणूस धरून कंपनीच्या दाव्यापेक्षा पल्ला कमीच धरा.

मुलांच्या भेटींचाही हिशेब निघतो: मुंबईहून मोटारीने रत्नागिरीला येऊन परत जायला ४५ लिटरच्या आसपास पेट्रोल, शंभरेक किलो कार्बन. पण कोणालाही “कमी या” असं सांगू नका. उलट या म्हणा, फक्त कोकण रेल्वेने या. हा मार्ग २०२२ पासून पूर्ण विजेवर आहे. आम्ही स्टेशनवरून आणायला एकच रिक्षा ठरवून ठेवली आहे.

पायरी ६: डायपर, कपडे, औषधं

प्रौढांचे डायपर म्हणजे प्लास्टिक आणि ओल शोषणारी रासायनिक भुकटी. एकदा वापरून टाकलेले ते ना कुजतात ना जाळता येतात. परसात डायपर जाळण्याची पद्धत अजून दिसते. त्या धुराचा त्रास शेजारच्या खोलीतल्याच माणसाला होतो. गुंडाळून, वेगळी खूण करून स्थानिक कचरागाडीत द्या.

कमी कसे करायचे? मावशीने दर दोन-तीन तासांनी, उठल्यावर, जेवणानंतर आणि झोपण्याआधी संडासला नेलं किंवा भांडं दिलं, तर अनेकांना दिवसा डायपर लागतच नाही. एक आठवडा प्रत्येकाच्या वेळा वहीत लिहा, मग वेळापत्रक त्या माणसाचं म्हणून ठरवा. कातडी चांगली राहते आणि माणसाची लाज राखली जाते. रात्री डायपर ठेवा, त्यात कंजूषी नको. पाणी कमी पाजून डायपर वाचवणं हा तर गुन्हाच समजा.

पावसाळ्यात कपडे वाळणं ही कोकणातल्या प्रत्येक आश्रमाची डोकेदुखी. ड्रायर यंत्र घ्यायच्या आधी पडवीचा एक भाग पारदर्शक पत्र्याने झाका, दोन बाजू उघड्या ठेवा, दोऱ्या वाऱ्याच्या दिशेला आडव्या बांधा आणि एक पंखा लावा. कपडे मशीनमध्ये चांगले पिळून काढले की अर्धं काम झालं. जाड चादरींऐवजी पातळ सुती चादरी, दुप्पट संख्येने.

इनहेलरबद्दल फार कमी लोकांना माहीत आहे. दाबून फवारा मारायच्या पंपातला वायू तापमान वाढवणारा असतो. एका पंपाचा कार्बन ठसा १० ते २५ किलोंपर्यंत जातो. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने स्वतःचा हिशेब काढला तेव्हा एकट्या इनहेलरचा वाटा सुमारे ३ टक्के निघाला. आपल्याकडे कॅप्सूल टाकून ओढायची कोरडी भुकटी सहज मिळते आणि तिचा ठसा अगदी लहान असतो. पण ती ओढायला श्वासात जोर लागतो, आणि तो प्रत्येक म्हाताऱ्या माणसात नसतो. डॉक्टरांना फक्त एवढं विचारा, “यांना भुकटीचं चालेल का?” ते नाही म्हणाले तर विषय संपला.

पायरी ७: सौर वीज, सगळ्यांत शेवटी

पंखे, पाणी, एसीची कामं झाल्यावर बिल पुन्हा पाहा. ९०० युनिटचं ५००-६०० झालेलं असेल, आणि तेवढंच लहान संयंत्र लागेल. १ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट सावलीविरहित जागा, वर्षाच्या सरासरीने रोज ४ युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे ८४ किलो कार्बन कमी. पावसाळ्यात उत्पादन बरंच घटतं, त्यामुळे नेट मीटरिंग घ्या. उन्हाळ्यातली जास्तीची वीज खात्यावर जमा राहते.

पॅनेल खाऱ्या हवेसाठी प्रमाणित आहेत का हे लेखी घ्या. वाऱ्याचा वेग किनारपट्टीचा धरून सांगाडा बांधला आहे का, विचारा. माडांपासून लांब. माकडांचा उपद्रव असेल तर वायरी पाइपमधून. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉट किंवा जास्त क्षमतेला ७८,००० रुपये अनुदान आहे, पण ते घरगुती ग्राहकांसाठी. ट्रस्टच्या नावावरच्या जोडणीला ते मिळेलच असं धरून अंदाजपत्रक करू नका, बिलावरचा ग्राहक प्रकार आधी पाहा.

आणि एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. नुसतं ग्रिडला जोडलेलं सौर संयंत्र वीज गेल्यावर बंद पडतं, भर उन्हातही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते, जुलैत चिपळूणचा पूर. ५ लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर ३५० वॉटच्या आसपास घेतो, २४ तासांना साडेआठ युनिट. म्हणून बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घ्या आणि त्यावर फक्त कॉन्सन्ट्रेटर, हवेची गादी, औषधांचा फ्रीज आणि रात्रीचे दिवे जोडा. जनरेटर राहू द्या, पण त्याची पाळी क्वचित यावी. सोबत ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर असलाच पाहिजे.

वर्षाची आखणी

सगळं एका वर्षात होत नाही. ऑक्टोबरात वही सुरू करा आणि मांडव घाला. नोव्हेंबर-डिसेंबरात पंखे. जानेवारीत सौर बंब, म्हणजे थंडीतच त्याची परीक्षा होते. फेब्रुवारीत नकाशा आणि फेऱ्या. मार्चमध्ये छपराला रंग आणि एसीची गळती. एप्रिलमध्ये मावशींबरोबर बसून वही मोठ्याने वाचा. कुठे काय वाया जातं हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं, फक्त त्यांना कोणी विचारत नाही. आमच्याकडे पहाटेच्या गीझरला टायमर लावायची कल्पना मावशींचीच.

मे म्हणजे आगोट, पावसाळ्याआधीची बेगमी. तांदूळ, नाचणी, कुळीथ, सुकी मासळी, दोन महिन्यांची औषधं एकाच टेम्पोने आणा. सोडणं आणि करवंट्या पडवीत रचा. मांडवाचे झाप उतरवा, चांगले ठेवा, मोडके बंबाच्या जळणात घाला. सौर बंबाच्या तारा ताणून पाहा, बॅटरीवर कॉन्सन्ट्रेटर एक रात्र चालवून पाहा, आणि ३१ मेला मीटरचा आकडा वहीत लिहून ठेवा.